हसू असावे, हसे नको

उपनगरात राहणाऱ्या माणसाला साहसासाठी डोंगर चढावा लागत नाही. सकाळी पाणी भरायचे, मुलांना शाळेत सोडायचे, लोकल पकडायची, संध्याकाळी भाजी घेऊन यायचे आणि लाइट असेल तर लिफ्टने घरी पोहोचायचे, एवढ्यातच दिवसाला एखादी तरी गंमत घडते. घडते तेव्हा जीव मेटाकुटीला येतो. आठ दिवसांनी तीच गोष्ट दस्तरखानावर सांगताना हसून डोळ्यांत पाणी येते.

आमचे मुंब्रा-कौसा घ्या, मीरा रोडचे नया नगर घ्या, कुर्ला घ्या किंवा भिवंडी. इथे एका जिन्यावर चार बोल्या ऐकू येतात. मुंब्रा-कौशात मूळचे कोकणी मुस्लिम आहेत. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतील अनेक कुटुंबे मुंब्र्याला आणि मीरा रोडला राहायला आली. खानदेश, मराठवाडा, उत्तर प्रदेश इथून रोजगारासाठी आलेली माणसे आहेत. कुणाची मातृभाषा मराठी, कुणाची उर्दू, कुणाची कोकणी, कुणाची भोजपुरी. इतकी माणसे एका छताखाली आली की गफलती होणारच. त्यातल्या काही इथे सांगते. माणसांची नावे मुद्दाम घेतलेली नाहीत. तुमच्याही इमारतीत ही माणसे असतीलच.

चार शेख आणि एक डबा

आमच्या सोसायटीत चार शेख, तीन खान आणि दोन अन्सारी कुटुंबे आहेत. पार्सल घेऊन येणारा मुलगा खाली उभा राहून ‘शेख का पार्सल!’ अशी हाक मारतो आणि चार खिडक्यांतून चार डोकी बाहेर येतात. एकदा एका शेखांच्या घरी मागवलेला प्रेशर कुकर दुसऱ्या शेखांकडे गेला आणि दुसऱ्यांनी मागवलेले क्रिकेटचे पॅड पहिल्यांकडे आले. ज्या घरात पॅड आले तिथे क्रिकेट खेळणारे कुणीच नव्हते. आजोबांनी ते गुडघेदुखीसाठी आले असावेत असे समजून रात्री बांधून पाहिले. सकाळी खरे मालक शोधत आले, तेव्हा आजोबा म्हणाले, “ले जाओ बेटा, मगर आराम बहुत था.”

डब्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. रमजानचे दिवस होते. ए विंगमधल्या एका बहिणीने इफ्तारीला हलीम केले आणि धाकट्या मुलाला सांगितले, “३०२ मध्ये खालाकडे देऊन ये.” मुलगा धावत गेला तो बी विंगच्या ३०२ मध्ये. दार उघडले एका वृद्ध गृहस्थांनी. मुलाने सलाम केला, “अम्मीने भेजा है,” म्हणाला आणि पळाला. तासाभराने खालाचा फोन आला की हलीमची वाट पाहतेय. मग शोधाशोध झाली.

बहीण स्वतः बी विंगमध्ये गेली. डबा धुऊन, पुसून दाराजवळच्या स्टुलावर ठेवलेला होता. गृहस्थ म्हणाले, “बेटी, गलती से आया था, ये मैं समझ गया था. मगर लौटाया नहीं गया.” त्यांच्या पत्नीचे निधन होऊन दोन वर्षे झाली होती. मुलगा सौदीला होता. पहिल्या रोज्यापासून ते खजूर, पाणी आणि पावावर इफ्तार करत होते. आमच्या दोन विंगांच्या मध्ये फक्त एक पार्किंग आहे, तरी हे कुणाला माहीत नव्हते.

हजरत अबू जर (र.) यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले होते की रस्सा शिजवताना त्यात पाणी थोडे जास्त घालावे आणि शेजाऱ्यांची आठवण ठेवावी. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. आपण ती मुलांकडून पाठ करून घेतो. त्या संध्याकाळी एका दहा वर्षांच्या मुलाने पत्ता चुकून ती अमलात आणली. आता डबा दोन्ही ३०२ मध्ये जातो.

टाकी खाली आहे

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. त्यामुळे एकसारख्या दिसणाऱ्या शब्दांनी केलेले घोटाळे माझ्या रोजच्या ओळखीचे आहेत. ‘शिक्षा’ या शब्दाने तर किती जणांना घाबरवले असेल! हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत शिक्षा म्हणजे दंड. एक वडील मुलाचे नाव घालायला आले आणि मोठ्या आदबीने म्हणाले, “हमारे बच्चे को अच्छी शिक्षा दीजिए.” बाकावर बसलेल्या मराठी आजीबाई दचकून म्हणाल्या, “अहो, आजच तर आलाय पोर! केलं तरी काय त्याने?” हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न आणि मराठीत थट्टा. हिंदीत ‘अवकाश’ म्हणजे सुट्टी आणि मराठीत मोकळी जागा किंवा अंतराळ. पहिलीतला एक कोकणी मुलगा तर दाराकडे बोट दाखवून ओरडला, “टीचर, मेरी आई आई!” अर्धा वर्ग गोंधळला, कारण त्यांना एकच ‘आई’ माहीत होती.

पण सगळ्यात महाग पडला तो ‘खाली’ हा शब्द. मे महिना होता. सोसायटीत जमिनीखाली एक टाकी आणि गच्चीवर दुसरी. पंपाने खालचे पाणी वर चढवायचे, ही रोजची रीत. वॉचमन उत्तर प्रदेशचा, सेक्रेटरी चाचा रायगड जिल्ह्यातले. वॉचमनने पहाटे इंटरकॉमवर सांगितले, “चाचा, टंकी खाली है.” त्याचे म्हणणे, टाकी रिकामी आहे. अर्धवट झोपेतल्या चाचांनी मराठी अर्थ घेतला. त्यांना वाटले, पाणी खालच्या टाकीत आले आहे. ते म्हणाले, “खाली आहे ना? मग वर चढव!”

वॉचमनने आज्ञा पाळली. रिकाम्या टाकीवर पंप पाऊण तास चालला. पंपाला पाणी मिळाले नाही की तो तापतो आणि आतले वाइंडिंग जळते. तसेच झाले. दोन दिवस पाण्याचे टँकर मागवावे लागले. बादल्या घेऊन पाच मजल्यांची माणसे रांगेत उभी राहिली. पहिल्या दिवशी भांडणे झाली, “कुणाची चूक?” म्हणून आवाज चढले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी तो संवाद नक्कल करून सांगितला आणि रांगेत असा हशा पिकला की चाचाही बादली खाली ठेवून हसू लागले. मग खर्च सगळ्यांनी वाटून घेतला.

आता पंपाच्या खोलीत पाटी आहे. मराठी, उर्दू आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत ‘भरलेली’ आणि ‘रिकामी’. ‘खाली’ या शब्दाला त्या खोलीत मनाई आहे.

घड्याळ मालेगावचे, इफ्तार मुंब्र्यात

रमजानचे वेळापत्रक दरवर्षी घरात चार-पाच तरी येतात. मशिदीचे, किराणा दुकानाचे, मेडिकलवाल्याचे आणि एखादे पाहुण्यांच्या पिशवीतून आलेले. एका घरी मालेगावहून नणंद आली आणि तिच्याबरोबर तिथले रंगीत, सुंदर वेळापत्रक आले. सुंदर म्हणून तेच स्वयंपाकघरात लागले. पहिल्या रोज्याला सगळे दस्तरखानावर बसले. सून कागदाकडे पाहून म्हणाली, “वक्त हो गया.” मुलांनी खजूर उचलले. दादी मात्र हात मांडीवर ठेवून बसल्या. म्हणाल्या, “अजान किधर है?” सगळे थांबले. एक मिनिट गेले, दोन गेली. भजी गार होऊ लागली. सहाव्या मिनिटाला मशिदीतून अजान आली. दादींनी खजूर तोंडात टाकला आणि त्या कागदाकडे एकदा पाहिले, बस्स.

यात कागदाची चूक नव्हती. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे लागतात. मालेगाव मुंब्र्याच्या पूर्वेला सुमारे दीड अंशावर आहे, म्हणून तिथे सूर्य सुमारे ६ मिनिटे आधी मावळतो. नागपूर तर सुमारे ६ अंश पूर्वेला आहे. तिथला आणि आपला फरक २४ मिनिटांच्या आसपास जातो. म्हणजे नागपूरचे वेळापत्रक पाहून मुंबईत रोजा सोडला तर तो रोजा होणारच नाही, त्याची कजा करावी लागेल. उलट मुंबईचे वेळापत्रक नागपूरला नेले तर सहेरी वेळ संपल्यावरही चालू राहील. मुलांना भूगोलाचा हा धडा यापेक्षा चवदार कुठे मिळणार? घरात वेळापत्रक एकच लावा, ते आपल्या गावचे लावा आणि फोनमधल्या अ‍ॅपमध्ये शहराचे नाव तपासून घ्या.

फोनवरून आठवले. संध्याकाळच्या लोकलमध्ये रमजानात इफ्तारचा देखावा पाहण्यासारखा असतो. अनोळखी माणसे एकमेकांच्या हातावर खजूर ठेवतात, रोजा नसलेली मंडळी रोजेदारांना बसायला जागा देतात. अशाच एका डब्यात वेळ व्हायला पाऊण तास असताना अचानक अजान घुमली. अर्ध्या बायकांचे हात पर्समध्ये गेले. एकीने तर ‘बिस्मिल्लाह’ म्हटलेही. तेवढ्यात खिडकीजवळच्या मुलीने घाईघाईने पर्समधून फोन काढला आणि म्हणाली, “हां अम्मी, ट्रेन में हूं.” अजान तिची रिंगटोन होती. तिच्या शेजारच्या मराठी काकूंनी तिला तिथेच समजावले, “अगं, इतक्या पवित्र हाकेला बटण दाबून मध्येच गप्प करायचं का? दुसरं काहीतरी लाव.” मुलीने ठाणे यायच्या आत रिंगटोन बदलली.

कर्जतचा ‘एस’

मध्य रेल्वेवर मुंब्रा हे कळवा आणि दिवा यांच्या मधले स्थानक. धीमी गाडी आपल्याला दारात उतरवते. बहुतेक जलद गाड्या ठाणे सोडले की आपल्याकडे पाहतही नाहीत. हे इथल्या लेकरालाही माहीत असते, पण नव्याने आलेल्या माणसाला कोण सांगणार?

खेडहून लग्न होऊन आलेली एक नवी सून पहिल्यांदाच एकटी मुंबईला गेली होती. नवऱ्याने बजावले होते, “फलाटावरच्या इंडिकेटरवर ‘एस’ बघायचा. एस म्हणजे स्लो.” तिने ‘एस’ पाहिला आणि गाडीत चढली. पण इंडिकेटरवर धीम्या गाडीची खूण जशी ‘एस’ आहे, तशी कर्जतला जाणाऱ्या गाडीची खूणही ‘एस’च आहे. शेजारचा ‘एफ’ तिने पाहिला नाही. ती कर्जत जलद होती. ठाणे गेले, गाडीने वेग घेतला, अंधार पडू लागला. सामानाची पिशवी छातीशी धरून ती उभी होती. डोळ्यांत पाणी, आणि फोनची बॅटरी संपलेली.

डब्यातल्या बायकांना कळायला वेळ लागला नाही. कुणी पाणी दिले, कुणी फोन दिला. डोंबिवलीला राहणाऱ्या एक बाई तिच्याबरोबर उतरल्या, पूल चढून तिला दुसऱ्या फलाटावर घेऊन गेल्या आणि मुंबईकडे जाणारी धीमी गाडी येईपर्यंत वीस मिनिटे तिच्याजवळ उभ्या राहिल्या. बोटांवर मोजून दाखवले, “कोपर, दिवा, मुंब्रा. तिसऱ्याला उतरायचं. मधे कुणी काही म्हणो, उतरायचं नाही.” सून घरी पोहोचली तेव्हा सासूबाई जिन्यातच उभ्या होत्या. रागावण्याची तयारी होती, पण ती येताच त्यांनी तिला जवळ घेतले.

ही हकिगत आता घरात हसत हसत सांगितली जाते. पाहुणे आले की सून स्वतःच सांगते आणि “कर्जत बघून आले असते, फुकटात!” असे म्हणते. पण प्रत्येक वेळी त्या डोंबिवलीच्या ताईंचा विषय आला की तिचा आवाज बदलतो. त्यांचे नाव विचारायचे राहून गेले, याची तिला हळहळ आहे. ‘त्यांचे लोक’ आणि ‘आपले लोक’ अशा गप्पा घरात निघतात तेव्हा ती त्या वीस मिनिटांची आठवण करून देते. मग बोलणारा गप्प बसतो.

बकऱ्याने खाल्लेला गृहपाठ

गृहपाठ न करण्याची कारणे शिक्षकाला तोंडपाठ असतात. वही घरी राहिली, लाइट गेली, लहान बहिणीने फाडली. बकरी ईदच्या चार दिवस आधी पाचवीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “टीचर, वही बकऱ्याने खाल्ली.” वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. मुलगा रडवेला झाला. मी त्याला म्हटले, “बस. उरलेली वही उद्या घेऊन ये.”

दुसऱ्या दिवशी त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून वही काढली. खरोखरच अर्धी होती. कडेला दातांचे ठसे, पाने चिकटलेली, आणि ‘समानार्थी शब्द’ या मथळ्यातला फक्त ‘समाना’ शिल्लक. शाळेतून येऊन तो पार्किंगमध्ये बकऱ्याला पाला घालत बसला होता. दप्तर उघडे राहिले आणि बकऱ्याला पाल्यापेक्षा कागद आवडला. मी ती वही वर्गात फिरवली. आदल्या दिवशी हसलेल्या मुलांनी ती हातात घेऊन नीट पाहिली. एक जण म्हणाला, “टीचर, आता बकऱ्याला आमच्यापेक्षा चांगलं मराठी येत असेल.” या वेळी तो मुलगाही हसला.

ईदनंतर शाळा उघडली. मी त्याला नवी वही दिली. त्याने ती घेतली, पण जुनी टाकायला तयार झाला नाही. घरी ती त्याने कपाटात जपून ठेवली आहे, असे त्याच्या अम्मीने सांगितले. कुर्बानी म्हणजे आपल्याला प्रिय असलेले अल्लाहसाठी देणे, हे आपण मुलांना शब्दांत सांगतो. त्या मुलाला ते शब्दांशिवाय कळले होते. आणि एक गोष्ट वर्गाला कळली. अजब वाटणारी हकिगतही खरी असू शकते, म्हणून हसण्याआधी ऐकून घ्यावे.

‘एमडी’ म्हणजे डॉक्टर नव्हे

आता एक गंमत, जिची पुढे गंमत राहत नाही. आपल्याकडे ‘मुहम्मद’ हे नाव किती प्रकारे लिहिले जाते? मुहम्मद, मोहम्मद, मोहंमद, महंमद, आणि इंग्रजीत अक्षरे वाचवायची म्हणून नुसते ‘एमडी’. एका दवाखान्यात नंबर पुकारणाऱ्या मुलीने यादी पाहून हाक दिली, “डॉक्टर साहेब कोण आहेत? एमडी लिहिलंय.” एक लाजाळू रिक्षाचालक उठले. बाकावरच्या दोन बायकांनी लगेच आपले रिपोर्ट त्यांच्यापुढे धरले. ते बिचारे हात जोडून म्हणत होते, “बहन, मैं खुद बुखार दिखाने आया हूं.”

हसून झाले. पण हेच नाव शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये एक, आधार कार्डावर दुसरे आणि जन्मदाखल्यावर तिसरे असेल, तर दहावीनंतर रडायची वेळ येते. शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो, प्रवेश अडतो, पासपोर्ट अडतो. मुलींच्या बाबतीत आणखी घोळ. ‘बी’, ‘बानो’, ‘बेगम’, ‘खातून’ यांना कुणी आडनाव समजते, कुणी नावाचा भाग. एका घरातल्या तीन बहिणींची कागदावर तीन आडनावे झालेली मी पाहिली आहेत. वडील हसून म्हणायचे, “तिघींची तीन खानदाने!” मोठीच्या प्रवेशाच्या वेळी त्यांना चार आठवडे कामावरून सुट्ट्या काढून खेटे घालावे लागले. त्यानंतर त्यांनी हा विनोद केला नाही.

म्हणून पालकांना कळकळीची विनंती. मूल शाळेत घालतानाच नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख जन्मदाखल्याप्रमाणे लिहिली आहे का, हे स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर मोठ्या भावंडाला, शेजाऱ्याला सोबत न्या. मराठी आणि इंग्रजी दोन्ही अक्षरलेखन तपासा. दुरुस्ती मूल शाळेत असतानाच करून घ्या. ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने होते. शाळा सुटल्यानंतर ती फार कठीण होते. नावच बदलायचे असेल तर ते महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करावे लागते. दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरताना शाळा तपासणीसाठी यादी दाखवते, तेव्हा ‘ठीक असेल’ म्हणून सही करू नका. एका अक्षरासाठी थांबलेले पाच मिनिट पुढचे पाच महिने वाचवतात.

हसू आणि हसे

इतका वेळ आपण हसलो. आता ज्या गोष्टीवर मी हसू शकले नाही, ती सांगते.

पावसाळ्यात एका सोसायटीत लाइट गेली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत पासष्ट वर्षांच्या खाला एकट्या होत्या. त्यांना अंधाराची भीती वाटते. त्या जोरजोरात कलमा पढू लागल्या, मग मुलाला हाका मारू लागल्या, मग रडू लागल्या. बाहेर तीन-चार मुले जमली. दोघे वॉचमनला बोलवायला धावले. एकाने फोन काढला आणि दाराच्या फटीतून येणारा आवाज रेकॉर्ड केला. खाला दहा मिनिटांत सुखरूप बाहेर आल्या. संध्याकाळपर्यंत ती ध्वनिफीत सोसायटीच्या ग्रुपवर, तिथून बाजूच्या सोसायटीत आणि तिथून नातेवाइकांपर्यंत गेली. सोबत हसणारी तोंडे.

खालांनी खाली येणे बंद केले. भाजी वर मागवू लागल्या. बायकांच्या साप्ताहिक दर्सला त्यांची जागा महिनाभर रिकामी राहिली. त्या आजारी असतील असे सगळ्यांना वाटले. त्यांच्या सुनेने शेवटी सांगितले, “अम्मी म्हणतात, सगळ्यांनी माझा रडण्याचा आवाज ऐकलाय. कोणत्या तोंडाने जाऊ?”

आपल्या दीनमध्ये हसण्याला बंदी नाही. भावाकडे पाहून स्मित करणे हासुद्धा सदका आहे, असे तिर्मिजीतील हदीसमध्ये आले आहे. स्वतः प्रेषित (स.) विनोद करत. एका माणसाने स्वारीसाठी जनावर मागितले, तेव्हा आपण (स.) म्हणालात की तुला उंटिणीचे पोर देतो. तो गोंधळला, पोरावर कसा बसणार? तेव्हा त्याच्या लक्षात आणून दिले की मोठा उंटसुद्धा कुठल्या तरी उंटिणीचेच पोर असतो. किती निर्मळ विनोद! त्यात खोटे नाही, कुणाचा अपमान नाही, आणि शेवटी त्या माणसाला उंटही मिळतो. सहाबांनी विचारले तेव्हा आपण (स.) सांगितले की विनोदातही मी सत्यच बोलतो. लोकांना हसवण्यासाठी खोटे बोलणाऱ्याला कडक ताकीद आहे. एका सहाबींची झोपेत असताना दोरी काढून त्यांना घाबरवले गेले, तेव्हा मुसलमानाला घाबरवणे वैध नाही असे स्पष्ट सांगितले गेले. आणि कुरआनच्या सूरह हुजुरातमधील ११ वी आयत तर सरळ सांगते की पुरुषांनी पुरुषांची आणि स्त्रियांनी स्त्रियांची टिंगल करू नये. ज्यांची टिंगल होते ते कदाचित टिंगल करणाऱ्यांपेक्षा चांगले असतील. त्याच आयतीत टोपणनावांनी हिणवण्यालाही मनाई आहे.

मराठीत दोन शब्द किती जवळचे आहेत पाहा. ‘हसू’ येते तेव्हा सगळे मिळून हसतात. ‘हसे’ होते तेव्हा एक जण मध्ये उभा असतो आणि बाकीचे त्याच्याकडे बोट दाखवतात. चाचा बादली खाली ठेवून स्वतः हसले, ते हसू होते. खालांच्या रडण्यावर उमटलेली ती तोंडे, ते हसे होते. घरात मुलांना एवढा एक फरक शिकवता आला तरी पुष्कळ झाले. पुढे पाठवण्याआधी विचारायचे, ज्याची ही गोष्ट आहे तो आपल्याबरोबर बसून हसेल का? नसेल तर बोट थांबवायचे.

त्या मुलाच्या आईला हे कळले तेव्हा तिने आरडाओरडा केला नाही. मुलाला घेऊन ती खालांच्या घरी गेली. मुलाने माफी मागितली. मग त्याने ग्रुपवर स्वतःच्या नावाने लिहिले की ते मी केले होते, चुकीचे होते, ज्यांच्याकडे असेल त्यांनी पुसून टाका. खालांनी त्याला माफ केले, सरबत दिले. पुढच्या आठवड्यात त्या दर्सला आल्या. तरी आजही लिफ्टमध्ये कुणाच्या हातात फोन दिसला की त्या जिन्याने चढतात. पाच मजले, मध्ये दोनदा थांबून. तो मुलगा त्यांची पिशवी घेऊन त्यांच्याबरोबर जिन्याने जातो.